तांडा, मार्गे बाभुळगाव

यवतमाळच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून अर्धी हयात मी लोकांना कोणती गाडी कुठं लागली आहे ते सांगत आलो. म्हणून दारव्ह्याला जायला निघालेला मी बाभुळगावच्या गाडीत कसा बसलो, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं.

त्या सकाळी माझ्या तोंडात एक वाक्य होतं. गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा लोकांच्या भाषेतलं. ‘म तमारे घर आयो छू.’ मी तुमच्या घरी आलो आहे. मोठ्या मुश्किलीनं पाठ झालेलं हे वाक्य सांडू नये म्हणून मी कुणाशी न बोलता स्टँडवर गेलो आणि दारव्ह्याची गाडी जिथं लागते तिथं उभ्या असलेल्या गाडीत खिडकीपाशी बसलो. पाटी वाचली नाही. पाटी वाचणं हे प्रवाशांचं काम, आम्ही पाट्या लावणारे.

शहर मागं पडल्यावर कंडक्टर आला. ओळखीचाच होता. म्हणाला, “साहेब, बाभुळगावले काय काम काढलं?”

अशा वेळी “चुकलो बाप्पा, थांबव गाडी” असं म्हणून उतरतो तो शहाणा माणूस. मी म्हणालो, “हाये थोडंसं.” आणि थेट बाभुळगावापर्यंत गेलो. स्टँडवर चहा प्यालो, काम असलेल्या माणसासारखा बाजाराच्या दिशेनं थोडा चाललो, एका दुकानाच्या पाटीकडं बराच वेळ गंभीरपणे पाहिलं आणि परत येऊन त्याच गाडीत बसलो.

“झालं काम?” कंडक्टरनं विचारलं.

“झालं.”

“इतक्यात?”

“लहानच होतं.”

पुढं तिकिटं फाडताना त्याचे खांदे हलत होते, ते रस्त्याच्या खड्ड्यांमुळं असावं अशी मी माझी समजूत घातली.

यादी

हा प्रवास खरं तर माझ्या यादीतला नव्हता. पन्नाशी झाली त्या दिवशी जेवताना मी घरात जाहीर केलं होतं की राहिलेल्या आयुष्यात काय काय करायचं ते आता ठरवून टाकायचं. समुद्र पाहायचा. बोधगया, सारनाथ करायचं. विमानात बसायचं, जमलं तर खिडकीपाशी. पोहायला शिकायचं. आणि एक नवीन भाषा शिकायची, तिच्यात भांडता येईल इतकी. आम्ही बौद्ध. छप्पन साली आईच्या कडेवर बसून मीही दीक्षेला नागपूरला गेलो होतो म्हणतात. म्हणजे माझा पहिला मोठा प्रवास तोच, आणि तो बरोबर गाडीतून झाला. तेव्हा भाषा कोणती, याचा फार विचार करावा लागला नाही. पाली. विहारात जे आपण म्हणतो ते कळेल तरी.

माझी बायको शीला अंगणवाडीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून आलेल्या बाईला असल्या बेतांचं कौतुक नसतं. ती म्हणाली, “ह्या यादीत नळाची तोटी कितव्या नंबरले हाये?” आणि ताटं उचलता उचलता, “पालीत भांडसान कोणासंग? जे बोलत होते थे त शांतीचंच सांगून गेले.”

पालीचं पुस्तक कपाटावर गेलं. समुद्र होता तिथंच राहिला. आणि मग करुणानं विलासचं नाव घरात काढलं.

करुणा आमची एकुलती एक मुलगी, दारव्ह्याला दवाखान्यात नर्स. विलास तिथल्याच एका शाळेत मास्तर, राहायलाही तिथंच, मूळचा जवळच्या एका बंजारा तांड्यातला. आमच्याकडचे काही नातेवाईक म्हणाले, “आपल्यातले पोट्टे सरले काय?” त्याच्याकडचेही असंच काहीतरी म्हणाले असतील, त्यांच्या भाषेत. पण त्याचे आईवडील कबूल झाले, आम्हीही झालो. अडलं ते एका ठिकाणी. विलासची आजी. तिला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. त्या घरात सोयरीक ठरायची तर याडीनं पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवायचा, तेव्हा ती ठरली. याडी हो म्हणेना, नाही म्हणेना. इतकंच म्हणायची, “शहरातल्या लोकाईले आपलं समजत नाई.”

विलास म्हणाला, याडीच्या गुळाशिवाय मी लग्न करणार नाही. करुणा म्हणाली, तर मग मीही थांबते. दोघं शिकलेली, कमावती, सज्ञान. कुठंही सही करून मोकळी झाली असती. पण अशी थांबलेली पोरं पाहिली की आईबापाला घरात बसवत नाही.

मी ठरवलं, भाषा बदलायची. पालीऐवजी गोरबोली. चार दिवस तांड्यावर राहून शिकायची, याडीशी तिच्या भाषेत बोलायचं. शेवटच्या दिवशी शीलानं यायचं आणि आम्ही दोघांनी गूळ घेऊन परतायचं. जात हेच कारण असणार असं मी धरून चाललो होतो. त्यावर द्यायचं एक भाषणही मनात तयार होतं, समतेवरचं.

शीला म्हणाली, “तुमी चार दिवस थ्याईच्या घरी राह्यले, त राह्यलंसुरलं लगन मोडते.”

दारव्हा

दारव्ह्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाजाराचा दिवस. तांड्याकडं जाणारी जीप भरली की निघते, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या तिथं फार उदार आहे. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबड्यांची पाटी आली, बाई दुसऱ्या टोकाला. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा चष्मा पाहिला, पांढरा शर्ट पाहिला, पिशवी पाहिली.

“कोणत्या समितीचे होय, साब?”

“समितीचा नाही. एसटीत आहे मी.”

“अस्सं,” तो म्हणाला. विश्वास बसला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, “लेहून घ्या. यंदा बी भाव नाई.”

मी काही न लिहिल्यामुळं तो नाराज झाला.

त्याचं चुकत नव्हतं. ती वर्षंच तशी होती. कापसाचा भाव पडला होता, पीकही साथ देत नव्हतं, आणि आमच्या जिल्ह्यातल्या किती तरी घरांतून माणसं स्वतःहून या जगातून निघून गेली होती. मग दिल्लीहून, मुंबईहून, बाहेरच्या देशांतून माणसं यायला लागली. कॅमेरे घेऊन, कागद घेऊन. ती आधी माझ्या खिडकीत यायची. “जिथं झालंय तिथं जाणारी गाडी कोणती?” असं मला विचारणारेही होते. मी फलाट सांगायचो. दुसरं काय करणार, तेच माझं काम. काही चांगली माणसं होती, उन्हातान्हात खरंच फिरली. काहींना सहाच्या आत परतायची गाडी हवी असायची.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. शेतांत कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या, पायमोडक्या छत्र्यांसारख्या. आमच्या भागात पळस फुलतो तेव्हा पाहायला दुसरं काहीच नसतं, म्हणून तो जास्तच फुलतो असं मला वाटतं. यादीत मी समुद्र लिहिला होता. पळस पाहायचा राहिला आहे हे कधी सुचलं नाही, कारण तो खिडकीतून दिसायचा.

तांडा, पहिला दिवस

फाट्यावर उतरून चालत गेलो. तांडा टेकडीच्या पोटाशी. विलासचं घर विचारावं लागलं नाही, कारण तिथून रडण्याचा आवाज येत होता.

एक बाई नाही, दोन-तीन. उंच सुरात, एकीनं सोडलं की दुसरीनं धरायचं. माझे पाय जागीच थांबले. त्या वर्षांत एखाद्या घरातून असा आवाज आला की कुणी विचारत नसे. विलासचे वडील धनसिंग पंचेचाळीस-पन्नाशीचे, कापूस पिकवणारे. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

दार अर्धं लोटलेलं होतं. मी चपला काढल्या, दार ढकललं, मान खाली घालून हात जोडले. समोर एक म्हातारी, आरसे जडवलेली चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, एका बाईच्या गळ्यात पडून रडत होती. याडी हीच. मला वाटलं, आलो आहोत तर आपलं वाक्य तरी म्हणावं. म्हणालो, “म तमारे घर आयो छू.” आणि मग भाषा संपल्यामुळं मराठीत, “फार वाईट झालं. धनसिंगभाऊंसारखा माणूस पुन्हा होणे नाही.”

रडणं थांबलं. नळ बंद करावा तसं.

मागून, अंगणातून कुणीतरी म्हणालं, “मी म्हशीले पानी पाजाले गेलतो.”

धनसिंग होते.

याडीनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या भाषेत एक वाक्य बोलली आणि आत निघून गेली. बायकाही पांगल्या. धनसिंगांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“जाऊ द्या ना जी.”

“सांगा तरी.”

“म्हने, आजून येक साब आला.”

लिंबाखाली

धनसिंगांनी मला लिंबाखाली बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फार सभ्य माणूस. माझ्याच मरणाचा समाचार घेऊन आलेल्या पाहुण्याशी मी इतक्या मायेनं बोललो नसतो.

त्यांच्यात आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की बाई त्याच्या गळ्यात पडून रडते. लेक आली, भाऊ आला, व्याही आला. नुसतं रडत नाही, रडत रडत बोलते, चाल लावून. केव्हा निघालीस, उन्हात पाय भाजले का, पोरं कशी आहेत, म्हैस व्याली का. त्या दिवशी याडीची लेक पुसदकडच्या सासरहून वर्षानं घरी आली होती. ते आनंदाचं रडणं होतं.

“मैतीचं रडनं निराळं?” मी विचारलं.

“निराळं नाई त काय. मैतीत गेलेल्याचं सांगते. भेटीत आलेल्याले इचारते.”

मागच्या वर्षी याडीची बहीण आली होती. दोघी अशाच अंगणात गळ्यात गळा घालून रडत होत्या. रस्त्यानं एक कॅमेरावाला चालला होता. त्यानं फोटो काढला, नाव विचारलं, ‘परत येतो’ म्हणाला आणि गेला. आठ-दहा दिवसांनी तो फोटो कुठल्याशा पेपरात आला. खाली लिहिलं होतं, कर्त्या मुलाच्या जाण्यानं कोसळलेली आई.

“मंग लोकं याले लागले,” धनसिंग म्हणाले. “दिग्रसहून आले, पुसदहून आले. दार मीच उघडो. माह्याच मैतीच्या लोकाईले मीच पानी पाजलं, चा पाजला. एक मामा त मले पाहून आंगनातच बसला, उठेच ना.”

मी हसलो. ते हसत नव्हते, म्हणून थांबलो. मग तेही हसले, पण थोडंच.

“लोकाईले हसू आलं. याडीले नाई आलं. मी जितता असून तिच्या तोंडून माह्यं मरन छापलं ना जी. तवापासून कोणी आलं का आधी रस्ता पाहाते, मंग दार लोटते, मंग रडते. आज लेक आली त दार लोटलं, आन् तुमी ढकललं.” त्यांनी तंबाखू मळली. “तिचं म्हननं येकच हाये. ज्याईले आपली खुशी मैतीवानी दिसते, त्याईच्या घरची पोरगी आनून म्हातारपनी कायच्यावर रडू?”

जात नव्हतीच असं नाही. ती असतेच, घराच्या पायासारखी, कुणी उकरून दाखवत नाही. पण मी समतेवरचं जे भाषण घेऊन गेलो होतो ते ठेवायला त्या घरात कोनाडा नव्हता. आणि याडीला ज्याची भीती होती तेच मी दारात पाऊल टाकता टाकता करून दाखवलं होतं.

मनात आलं, शीलाचं खरं झालं. तिला चार दिवस लागतील असं वाटलं होतं. मी ते पहिल्या दहा मिनिटांत उरकलं.

कापसाची खोली

माझी सोय घरातल्या सगळ्यात चांगल्या खोलीत केली होती. भाव येईल म्हणून राखून ठेवलेला कापूस तिथं आढ्यापर्यंत रचला होता आणि त्याच्या पायथ्याशी माझी बाज. हिमालयाच्या पायथ्याशी निजलो असं मी मनाला सांगितलं. तोही यादीत घालायचा राहिला होता. पण घरात फार दिवस राहिलेला कापूस अंगाला खाज आणतो, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात जन्म काढून मला माहीत नव्हतं. सकाळी उठलो तो मान, हात, पाठ, सगळीकडं लाल गांधी. दुसऱ्या दिवशी भाषा शिकायची सोडून मी लिंबाच्या खोडाला पाठ घासत उभा होतो आणि गल्लीतली बकरी मला आपल्यातला समजून पाहत होती.

विलासची आई शांताबाई चुलीवर भाकरी करत होत्या. भाकरीला ते बाटी म्हणतात. हा माझा पहिला शब्द, आणि तो मला चांगला आला, कारण खाताना शिकलो. ज्वारीची गरम बाटी, तुरीच्या ओल्या दाण्यांची तिखट भाजी, वर कच्चं तेल. आमच्याकडं पाहुण्याला ‘अजून एक घ्या, अजून अर्धी तरी’ असा आग्रह करतात आणि पाहुणा पोटावर हात ठेवून नको नको म्हणतो. तिथं शांताबाईंनी विचारलं नाही. ताटात टाकत गेल्या. मी नको म्हटलं ते त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

याडी दारात बसून कापडाला आरसे टाचत होती. माझ्याकडं बघत नव्हती. शांताबाईंनी तिच्या सांगण्यावरून लिंबाचा पाला उकळलेलं पाणी माझ्या अंघोळीला काढलं. म्हणाल्या, “याडी म्हनते, साब लोकाईच्या आंगाले कापूस सोसत नाई. पेपरातला सोसते.”

टोमणा बसला. पण पाणी कढत आणि भरपूर होतं.

दुपारी मी धनसिंगांबरोबर शेतात गेलो. ते पऱ्हाट्या उपटत होते, मी उपटलेल्या गोळा करत होतो. उपटायच्या कामावरून त्यांनी मला थोड्याच वेळात काढलं. काम करता करता त्यांनी मला शब्द शिकवले आणि त्यातले निम्मे मी बांधावरच विसरलो. मी त्यांना विचारलं, याडीची माफी कशी मागायची? त्यांच्या बोलीत कसं म्हणायचं?

“म्हनून काय होते जी? साब लोक लय गोड बोलतात. जाताना सगळे म्हनतात, परत येतो. येक बी परत आला नाई.”

परतल्यावर मी याडीच्या समोर ओट्यावर बसलो. भाषण गेलं होतं, वाक्य वाया गेलं होतं. सांगण्यासारखं माझ्याकडं एकच उरलं होतं, तेही लाजेचं. मी मराठीतच तिला बाभुळगावची गोष्ट सांगितली. सगळी. दारव्ह्याच्या गाडीऐवजी कुठं बसलो, कंडक्टरला काय म्हणालो, दुकानाची पाटी कशी वाचली. शांताबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. याडीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सुई चालली होती. मी संपवलं.

मग ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. वऱ्हाडीतच. तिला ती चांगली येत होती. साबांशी बोलायची इच्छा नव्हती, एवढंच.

“त्या गावात तुह्यं कोणीच नव्हतं?”

“नाही.”

“आन् काम बी नव्हतं?”

“नाही.”

“मंग चा पेऊन आला.”

“हो.”

तिनं दोरा दातानं तोडला. “चा कसा होता?”

“गोड.”

तिनं पुढचा आरसा उचलला. पण त्या संध्याकाळी ताटात गळवाणी आली, गुळाच्या पाण्यात शिजवलेली कणीक, वर तूप. हे पाहुण्यासाठी करतात की उरलं म्हणून वाढतात, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. गूळ पोटात गेला होता. हातावर पडला नव्हता.

तिसरा दिवस असाच गेला. याडीनं माझ्याकडून आरशांची पुडी धरून घेतली, सुईत दोरा ओवायला लावला, चष्मा असूनही मला तो ओवता येईना हे शेजारणीला बोलावून दाखवलं. पण लग्नाचं नाव काढलं की दृष्टी रस्त्याकडं.

परत दारव्हा

चौथ्या दिवशी सकाळी मी शीलाला आणायला निघालो. पिशवी तांड्यावरच ठेवली होती. याडीला म्हणालो, “बायकोला घेऊन येतो.”

“सगळे म्हनतात,” याडी म्हणाली. तरी शांताबाईंनी दोन बाट्या आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला, वाटेत खायला.

शीला सकाळच्या गाडीनं येणार होती. आली नाही. दुपारच्याही आली नाही. अंगणवाडी पाहायला ऐनवेळी वरच्या बाई आल्या होत्या, हे तिनं उतरल्यावर सांगितलं. तोवर ऊन कललं होतं आणि तांड्याकडची शेवटची जीप गेली होती. करुणा ड्युटीवर होती, आणि ज्या स्टँडवर ओळखीचं कुणी नाही तिथं दिवसभर बसून राहणं काय असतं, हे माझ्यासारख्यानं एकदा तरी अनुभवायला हवं होतं. बाट्या मी सकाळीच संपवल्या होत्या.

“आता कसे जाता?” शीला म्हणाली. “करुणाच्या खोलीवर राहू. उद्या जाऊ निवांत.”

म्हणणं बरोबर होतं. समोरच करुणाची खोली, तिच्या हातचा चहा. पण मला याडीची रस्त्याकडं लागलेली नजर दिसायला लागली. म्हणालो, “परत येतो म्हणून सांगून आलोय.”

“मंग उद्या बी परतच जाऊ ना.”

“उद्या गेलो तर ते परत जाणं नाही. नुसतं जाणं.”

शीलानं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत मी असं काही बोललो नव्हतो, म्हणून ती बहुधा घाबरली आणि उठली. सरपण टाकून रिकामा चाललेला एक ट्रॅक्टर मिळाला. त्यानं फाट्यावर सोडलं. तिथून चालत. शीलाच्या पिशवीत याडीसाठी लुगडं होतं, पोरांसाठी शेव-चिवडा होता, तो सगळ्या वाटेनं वाजत होता. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन ती चालायला लागली आणि मला म्हणाली, “तुमच्या यादीत हे बी लेहा.”

एवढं सगळं झालं, आणि जे तिला सांगायचं होतं तेच सांगायचं मी विसरलो.

दिवस बुडता बुडता तांड्यात शिरलो. याडी अंगणातच उभी होती. तिनं आम्हाला लांबूनच पाहिलं असणार. हात डोळ्यांवर धरून तिनं रस्ता पाहिला, आमच्या मागं कुणी आहे का. दार उघडंच होतं. तिनं ते लोटलं नाही. चालत आली, बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकले, माझ्या छातीवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

मी सकाळीच तर गेलो होतो. पण रडली अशी, जणू वर्षभर वाट पाहिली.

रडत रडत बोलत होती, चाल लावून. सगळं कळलं असं म्हणणार नाही. चार दिवसांत जेवढं कानात राहिलं होतं तेवढं कळलं. ‘बाटी’ कळली, बाटी खाल्लीस का रे. दिवस बुडाला, असं काहीतरी कळलं. ‘सगा’ कळलं, व्याही. ते ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि मग त्या सुरात, त्या हेलकाव्यात, अगदी स्वच्छ ऐकू आलं, ‘बाभुळगाव’. तिनं ते रडण्यात ओवलं होतं. आज कोणत्या गाडीत बसला रे सगा, पुन्हा बाभुळगावलेच गेलता का. भोवती जमलेल्या बायकांपैकी दोघीतिघी रडण्यात सूर मिळवत होत्या, आणि त्याच वेळी त्यांचे खांदे हलत होते, त्या कंडक्टरचे हलत होते तसेच.

मी हलत नव्हतो. हात कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं. ‘रडू नका’ म्हणायचं नाही, एवढं माहीत होतं. म्हणून उभा राहिलो आणि लोकांना गाड्या सांगणाऱ्या माझ्या आवाजात विचारलं, “म्हैस कशी हाये?” त्यावर याडी जास्तच रडली.

मागं शीलानं पिशवी खाली ठेवली. डोक्यावरून पदर घेतला. तुटकी चप्पल दाराबाहेर ठेवली, धड होती ती तिच्या शेजारी. मग पुढं येऊन, पडलेल्या चेहऱ्यानं, अगदी हळू आवाजात मला विचारलं, “अहो, कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही,” मी म्हणालो. “मी आलो.”

तिला काही कळायच्या आत याडीनं मला सोडलं आणि तिला गळ्यात घेतलं. शीला अंगणवाडीतली, कुणी रडत जवळ आलं की तिचा हात आपोआप पाठीवर जातो. तो गेला. आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं, की ती विचारायला लागली. वऱ्हाडीत, साधंच. पाय दुखतात का याडी, डोळ्याले दिसते का, जेवन नीट जाते का. अंगणवाडीत रडणाऱ्या पोरांना ती असंच विचारत असते. मला ते कधी ऐकायची वेळ आली नव्हती. याडी तिकडून गोरबोलीत विचारत होती, ही इकडून वऱ्हाडीत, आणि कुणीच कुणाला उत्तर देत नव्हतं.

मग याडीनं नाक पुसलं, आत गेली, आणि गुळाचा खडा आणून आधी शीलाच्या आणि मग माझ्या हातावर ठेवला. धनसिंग दाराशी उभे होते. मला म्हणाले, “आता नीट पाहून घ्या जी, मी जितता हाये.”

यवतमाळ

परतताना दारव्ह्याच्या स्टँडवर मी पाटी दोनदा वाचली, ड्रायव्हरला विचारलं, शेजारच्या बाईलाही विचारलं. गाडीत बसल्यावर हिशेब मांडायला लागलो. समुद्र नाही. विमान नाही. बोधगया राहिली. पोहणं नाही. भाषा म्हणावी तर बाटी मागण्यापुरती. भांडण तर सोडाच, आभारही मराठीतच मानून आलो होतो. तरी यादीतलं काहीतरी झालं आहे असं वाटत होतं, आणि ते नक्की कोणतं ते सापडत नव्हतं.

शीलाला विचारलं. ती अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीबाहेर पळस बघत राहिली.

मग म्हणाली, “इतके वर्षं तुमी रोज ड्युटीवरून घरी येता. मले काय मालूम, रडा लागते म्हनून.”